बियाण्याचा सातू

ओढ्यावरचा बर्फ फुटला त्या सकाळी थोरानं सुनेला हाक मारली. "ऊठ गुरी, सातू भिजत घाल. मातीही आता मऊ होईल."

गुरी कोठारात गेली. तिथे तिच्या नवऱ्याची, अन्फिनची, शवपेटी होती. ऐन हिवाळ्यात झाड तोडताना ते अंगावर पडून तो गेला, तेव्हा जमीन अशी गोठलेली की कुदळ उडून परत यायची. नॉर्वेच्या त्या डोंगरांत हिवाळ्यात मेलेल्या माणसाला खड्ड्यासाठी वसंताची वाट पाहावी लागे. पेटीला टेकूनच बियाण्याच्या सातूचं पोतं उभं होतं. घरात ती, सासू आणि लहानगी लेक मारित अशी तीन तोंडं, आणि धान्य म्हणून तेवढंच उरलं होतं. भाकरीत झाडाच्या सालीचं पीठ जास्त आणि सातू नावाला, अशी वेळ आली होती, तरी त्या पोत्याला कुणी हात लावला नव्हता.

आता त्याचीच बीअर करायची होती. घरचं माणूस गेलं की मातीच्या दिवशी सगळ्या वाडीला घरी केलेली बीअर पाजायची, पिंप रिकामं होईस्तोवर. नाही पाजली तर मेलेल्याची अब्रू गेली. जिवंत माणसं काय खाणार, हे विचारायची रीत नव्हती.

गुरीनं आजवर बीअर केली नव्हती, ते सासूचं राज्य. पण थोराची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. ती ओढ्याकाठी स्टुलावर बसून नुसती सांगत राहिली. "पोतं पाण्यात बुडव, वर धोंडा ठेव. दाणा नखानं दबला की काढ आणि फळ्यांवर पसर. वर घोंगडी टाक. मोड आले की भट्टीवर वाळवायचा आणि जाडाभरडा दळायचा. पिंपाच्या तळाला ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या घालून रस गाळायचा. मोठी कढई हाल्वोरकडून आण. आणि यीस्ट तर आहेच." चुलीवर टांगलेल्या लाकडी कड्याच्या खाचांत मागच्या खेपेचं यीस्ट वाळून बसलं होतं. "बघ, विकतचं काही नाही. सगळं घरचंच."

"सातूही घरचाच," गुरी म्हणाली. "मग पेरायचं काय, आत्याबाई?"

"तोंड आवर! माझ्या लेकाला कुत्र्यासारखं पुरायचंय का तुला?" थोराचे डोळे भरून आले. गुरीनं पोतं पाण्यात बुडवलं.

कढई घेऊन हाल्वोर स्वतःच आला. अन्फिनचा चुलतभाऊ, वाडीचा शहाणा. गुरीनं धीर करून विचारलं, "भावजी, निम्म्याच सातूची केली तर? जरा पातळ होईल, एवढंच."

"पातळ?" तो हसला. "अहो वहिनी, आमचा अन्फिन काय पातळ माणूस होता? पिंप भरलं की कळवा, आम्ही चौघं पेटी उचलायला येतो. त्याआधी मात्र कुणी यायचं नाही."

तो गेल्यावर गुरीला पलीकडच्या आसेलाची आठवण आली. दोन वर्षांपूर्वी आसेलाचा नवरा गेला तेव्हा तिनं बियाणं भिजवून झोकात बीअर केली. शेत रिकामं राहिलं आणि थंडीत तिचं रांगतं पोर गेलं. थंडी बाधली, असं सगळे म्हणाले. थंडी कसली डोंबलाची! पोर उपाशी होतं. त्याच्या मातीलाही तिला उसन्या सातूची पिंपभर बीअर करायला लावली लोकांनी. गुरीही तिथे बसून प्याली होती. बीअर छान झालीय, असं वर आसेलाला म्हणालीही होती. ते आठवून तिला स्वतःची शिसारी आली.

सातूला मोड आले. गुरीनं घोंगडी उचलली तर दाण्यादाण्याला पांढरी मुळं, आणि काकडीसारखा ओला वास. थोरा म्हणाली, "भट्टी पेटव. एक दिवस उशीर झाला तर सगळं वाया."

तेवढ्यात खड्डा खणायला गेलेला चर्चचा म्हातारा चाकर कुंपणावरून ओरडला, "माती सुटली गं! फावडं लोण्यात जावं तसं जातंय."

गुरी जागच्या जागी उभी राहिली. खड्ड्याची माती सुटली, म्हणजे शेताचीही सुटली. तिनं मोड आलेला सातू टोपलीत भरला आणि भट्टीकडे न जाता शेताकडे चालू लागली. मोड तुटू नयेत म्हणून मूठ हलकी धरून ती पेरत सुटली. गालफडं बसलेली लहानगी मारित मागून माती सारत होती.

"अगं मेले, काय करतेस!" थोरा काठी टेकत धावली. "माझ्या अन्फिनची बीअर आहे ती!"

"अन्फिनची लेकही आहे ही!" गुरी ओरडली. "बघा तिच्याकडे. पुढच्या हिवाळ्यात हिची पेटी ठेवू कोठारात?"

थोरा बांधावर बसून हमसून हमसून रडली.

मातीच्या दिवशी पेटी उचलायला एकही पुरुष आला नाही. हाल्वोरनं आपली कढई तेवढी नेली. "भोगा आता," एवढंच म्हणाला. गुरीनं पेटी लाकडाच्या घसरगाडीवर घातली. न बोलावता आसेला आली आणि दुसरा दोर तिनं खांद्यावर घेतला. दोघी बैलांसारख्या ओढत होत्या, थोरा आपल्या वाकड्या हातांनी मागून रेटत होती. चिखलात गाडी रुतली की तिघी थांबत. वाटेवरच्या घरांची दारं बंद होती, खिडक्यांमागून मात्र डोळे बघत होते. तीच माणसं रविवारी चर्चमध्ये दयेचं प्रवचन ऐकायची!

पीक विरळ आलं. ठिकठिकाणी टक्कल पडलं होतं, पण आलं. उन्हाळाभर वाडीतलं कुणी गुरीशी बोललं नाही आणि थोराही कामापुरतीच बोलली.

पहिल्या सातूची पेज शिजली त्या दिवशी मारितनं वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. थोरा तिच्याकडे बघत राहिली. मग आपल्या वाटीतली पेज नातीच्या वाटीत ओतत म्हणाली, "गुरी, माझ्या मातीला बीअर करू नकोस."

"असं काय बोलता, आत्याबाई! आणि मग पेटी कोण उचलणार?"

"तू आणि आसेला," थोरा म्हणाली. "मी काही जड नाही."