शुभेच्छुक आणि समस्त परिवार

औशाच्या शेषेराव अण्णांचं कार्ड मोबाईलवर आल्याशिवाय सण सुरू झाला असं त्यांच्या ओळखीत कुणी मानत नसे. पंचांग चुकू शकतं, अण्णा नाही. पाडवा, पोळा, दसरा, ईद, नाताळ, काहीही असो, लोक दात घासायच्या आत कार्ड हजर. वर सणाचं चित्र, मधोमध फेटा बांधलेले अण्णा आणि खाली शुभेच्छुक: शेषेराव, सौ. सिंधु, सुदर्शन, सौ. पुनम, कु. अक्षरा आणि समस्त परिवार. बैल विकून बरीच वर्षं झाली होती, पण पोळ्याच्या कार्डावर ते अजून उभे होते. नात जन्मली तेव्हा बारशाच्या आधी पोळा आला, म्हणून तिचं नाव पाळण्याअगोदर कार्डावर ठरलं.

कार्डं बनवायचा बसस्टँडसमोरचा मल्लेश. त्याच्या कॉम्प्युटरवर अण्णांच्या घराची एकच फाईल होती. सण आला की चित्र बदलायचं, नावं तीच.

नाव कमी झालं ते एकदाच. सुदर्शनहून थोरल्या लेकीनं, तनुजानं, नांदेडच्या आनंदराजशी लग्न केलं. मुलगा प्राध्यापक, निर्व्यसनी, पगार वेळेवर. पण बौद्ध. अण्णांनी आरडाओरडा केला नाही. ते मल्लेशकडे गेले आणि म्हणाले, "तनुजाचं नाव काढून टाक." शांत माणूस.

कार्डावरून लेक गेली, मोबाईलवरून गेली नाही. अण्णा ज्या सगळ्यांना एकदम कार्ड पाठवत, त्यांत तिचा नंबर होता, आणि नंबर काढायचा कसा हे अण्णांना येत नव्हतं. कुणाला विचारावं, तर कुणाचा काढायचाय हे सांगावं लागलं असतं. त्यामुळे बोलणं तुटूनही दर सणाला बापाचा निरोप लेकीला जायचा: 'आपणास व आपल्या परिवारास हार्दिक शुभेच्छा.' ती उलट लिहायची, 'आपणासही.' बाप-लेकीत तेवढंच उरलं होतं, आणि तेही आदरार्थी. एप्रिलात जयंतीचं कार्ड गेलं, समतेच्या शुभेच्छांचं. आनंदराज ते बघून म्हणाला, "सासऱ्यांनी जयभीम घातलाय. आता चहाला बोलावतात बघ."

चहाला बोलावलं नाही.

मग सिंधुबाईंना धाप लागायला लागली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं काम कमी झालंय, दगदग नको. दसऱ्याच्या आधी अण्णा मल्लेशकडे निघाले, तेव्हा सिंधुबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"आवं, यंदा तनूचं नाव टाका की."

"तिचं टाकलं की त्याचं बी टाकावं लागतंय."

"टाका. आनंदराज. लई जागा लागत न्हाई."

"भावकी काय म्हणंल?"

"भावकी नावं वाचती का? तुमचा फेटा बघती अन् हात जोडून मोकळी होती."

अण्णांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "दिवाळीला बघू."

"बघू न्हाई. टाकतो म्हणा."

"टाकतो."

त्या दिवसापासून घरी येईल त्या बाईला सिंधुबाई सांगायच्या, "दिवाळीला आमचं कार्ड नीट वाचा बरं, माय. फेट्याच्या खालचं."

दिवाळी तोंडावर असताना एका सकाळी चिवड्याचे पोहे उन्हात पसरता पसरता त्या तिथंच आडव्या झाल्या. शेजारची भामाबाई धावत आली तोवर संपलं होतं.

सुदर्शननं मल्लेशला फोन केला. मल्लेशनं फाईल उघडली. आपट्याची पानं काढली, मागं करडा रंग भरला, 'शुभेच्छुक'च्या जागी 'शोकाकुल' केलं, आणि सिंधुबाईंना खालच्या ओळीतून उचलून वर फोटोत बसवलं. कार्ड झालं. अण्णांच्या मोबाईलवरून नेहमीसारखं सगळ्यांना गेलं.

तनुजाला वेगळं कुणी कळवलं नाही. अण्णांना वाटलं सुदर्शननं फोन केला असेल, सुदर्शनला वाटलं पुनमनं, आणि पुनमला वाटलं, अण्णांच्या डोळ्यांत कशाला यायचं.

नांदेडला ऑफिसात तिनं वाचलं: 'आपणास कळविण्यास अत्यंत दुःख होते की.' तिनं लिहिलं, 'निघालोय. माती थांबवा.' फोनही केले. सुदर्शन शेतात मातीसाठी जागा खणून घेत होता, तिथं रेंज नव्हती. अण्णांचा फोन फळीवर वाजून थांबत होता आणि तिचे तीन शब्द लोकांच्या जोडलेल्या हातांखाली गाडले जात होते.

आईची माती लेकीसाठी थांबते. लेक पुण्याहून यायची असली तरी बर्फाच्या लाद्या आणून थांबतात. म्हणून उचलायच्या आधी भावकीतले वडीलधारे रामलिंग तात्या यांनी रीतीनं विचारलं, "कुणी यायचं राहिलं का?"

अंगणातल्या सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पोह्यांकडे बघितलं.

तात्यांनी खिशातून मोबाईल काढला, लांब धरला आणि कार्ड वाचायला लागले. "शेषेराव, हाय. सुदर्शन शेतात हाय. पुनम. अक्षरा. झाली की नावं."

"अन् तनू?" भामाबाई म्हणाली.

"कार्डावर न्हाई."

अण्णांचं तोंड उघडलं. सगळे थांबले. मग ते मिटलं आणि अण्णा खांदा द्यायला उठले.

तनुजा पोचली तेव्हा माणसं शेतातून परतून पाय धूत होती. आनंदराज गाडीपाशीच थांबला. पोहे तसेच उन्हात होते.

"थांबला का न्हाईत?"

"तू येणार हे कसं कळावं, माय?" तात्या म्हणाले.

तिनं मोबाईल वर धरला. "मला कार्ड आलं की."

ती अण्णांसमोर गेली, हात जोडले. "आपण कळवलंत. आभारी आहे." आणि शेताच्या वाटेनं एकटीच चालत गेली. तिकडूनच गाडीत बसली.

घरात दुखवटा, त्यामुळे वर्षभर अण्णांचं कार्ड निघालं नाही. लोकांची येत राहिली; दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांत आधी तात्यांच्या आल्या. वर्ष सरताना अण्णा मल्लेशकडे गेले.

"पुण्यस्मरणाचं कार्ड कर. सुदर्शनच्या आधी तनुजा टाक. तिच्यापुढं आनंदराज."

"जागा हाय, अण्णा," मल्लेश म्हणाला.

कार्ड गेलं. भावकीतून हात जोडून आले. नावांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दोन दिवसांनी अण्णा मोबाईल घेऊन परत दुकानात.

"तनूला गेलंच न्हाई असं दिसतंय. एकच टिक हाय. नांदेडला नेट बंद हाय का?"

मल्लेशनं बघितलं. तिचा फोटोही दिसत नव्हता. त्यानं माऊस बाजूला सारला. "ब्लॉक केलंय, अण्णा."

"ते कसं करतात?"

मल्लेशनं त्यांच्याच मोबाईलवर, प्रत्यक्ष न करता, बोटानं दाखवलं. इथं दाबायचं, मग इथं.

अण्णांनी मोबाईल खिशात ठेवला.

"एवढं सोपं हाय व्हय," ते म्हणाले.