घेवड्याची नानकटाई

बाजरी बाजारातून गेली आणि केशरबाईच्या घरात रेशनचा गहू आला, तेव्हापासून चार वर्षांच्या मुक्ताचं पोट बिघडलं ते बिघडलंच. पोट टम्म फुगायचं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. कर्जतजवळच्या त्या वस्तीवर बाकी सगळी माणसं तोच गहू खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्यामुळं गव्हाचा संशय कुणाला आला नाही. केशरबाईला संशय आला तो सुनेचा.

"डोंगरातलं रगात," ती म्हणायची. "आमच्या घरात आसली किडकी पोरं न्हवती कदी."

सून चांगुणा अकोले तालुक्यातली, राजूरच्याही वर तिचं माहेर. तिचा बाप आणि तिच्या नवऱ्याचा, बन्सीचा, बाप एका कारखान्यावर ऊसतोडीला भेटले आणि तिथंच सोयरीक ठरली. लग्नानंतर वर्षभरात बन्सीचा बाप गेला. इतक्या लांबची पोर का केली, याचा जाब विचारायला केशरबाईला कुणी उरलं नाही. तो राग ती चांगुणावर काढत आली होती.

उन्हाळ्यात चांगुणा पोरीला घेऊन माहेरी राहिली. तिथं खायला नाचणी, वरई आणि घेवडा. मुक्ता अंगणात पळायला लागली. परत आल्यावर आजीनं दुधात चपाती कुस्करून दिली आणि पोरगी पुन्हा अंथरुणाला खिळली. चांगुणानं गहू बंद करून बघितला, एकदा पुन्हा देऊन बघितला, आणि मग घरात सांगितलं.

"आत्याबाई, मुक्तीला गहू सोसत न्हाई."

"गव्हानं कुनी आजारी पडतं व्हय? तुमच्या डोंगरात गहू बघाया मिळत न्हाई, म्हनून ही थेरं."

थोरली जाऊ भागूबाई हसली. बन्सी ताटाकडे बघत जेवत राहिला.

त्या दिवसापासून चांगुणा मुक्ताचं वेगळं रांधू लागली. तिच्या बापानं एसटीवर नाचणीचं आणि पांढऱ्या घेवड्याचं गाठोडं पाठवलं. केशरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ते उघडून दाखवायची. "बघा, आमच्या नातीला आमच्या घरातलं अन्न चालत न्हाई."

दिवाळीला भागूबाईच्या भावानं मैदा आणि डालड्याचा डबा आणून दिला. तिनं कर्जतच्या बेकरीत जाऊन भट्टीतून नानकटाई भाजून आणली. तिचा छगन ओसरीवर बसून खात होता आणि मुक्ता त्याच्या तोंडाकडे बघत होती. रडली नाही, मागितलंही नाही. छगनच्या मांडीवर पडलेला भुगा उचलायला तिनं बोट पुढं केलं, तेव्हा चांगुणानं तिला उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं घेवडा उकडला, सालं काढली आणि उन्हात कडक वाळवला. जात्याच्या दोन्ही पाळ्या घासून धुतल्या, त्यावर घेवडा दळला. पीठ मैद्यासारखं पांढरं पडलं. त्यात गूळ, थोडा डालडा आणि वेलदोडा घातला. पातेल्यात वाळू तापवून वर ताटली ठेवली, झाकणावर निखारे घातले. पहिला घाणा उचलतानाच फुटला. पीठ एकमेकाला धरत नव्हतं. पुढच्या घाण्याला तिनं गुळाचा दाट पाक घातला, वड्या जाड थापल्या आणि गार होईपर्यंत हात लावला नाही. वरून भेगा पडल्या, तरी नानकटाई झाली.

मुक्तानं दोन्ही हातांनी धरून खाल्ली. छगननं एक घेतली, मग दुसरी मागितली. शेजारणी विचारायला आल्या, कशी केलीस म्हणून. केशरबाई दारातून बघत होती.

"घेवड्याची भाजी करत्यात," ती म्हणाली. "गोडाचं सोंग न्हाई करत."

"तुमाला कुनी खा म्हनलंय?" चांगुणा म्हणाली. बायकांसमोर सासूला तिनं असं पहिल्यांदाच तोडलं होतं. केशरबाई पाठ फिरवून आत गेली. त्याची चांगुणाला जास्त धास्ती वाटली.

पुढं काही दिवसांनी तिनं उरलेल्या पिठाची पुन्हा नानकटाई केली. या खेपेला पीठ छान मळलं गेलं, एकही वडी फुटली नाही. हाताला सवय झाली म्हणून तिला बरं वाटलं. मुक्ताला तिनं आपल्या हातानं भरवलं, खा म्हणून आग्रह केला.

संध्याकाळपर्यंत पोरगी ओकायला लागली. सकाळी डोळे खोल गेले. बन्सीनं तिला खांद्यावर टाकून कर्जतच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पोरगी वाचली. चांगुणा पलंगाशी बसून आपण काय चारलं ते आठवत होती. घेवडाच होता. मग हाताखालचं ते मऊ पीठ तिला आठवलं.

घरी आल्यावर पोरीला निजवून तिनं पिठाचा डबा काढला. चिमूटभर पीठ पाण्यात कालवून बोटांत ओढलं. ते ताणलं गेलं. घेवड्याचं पीठ असं ताणलं जात नाही.

"भागूबाई," तिनं विचारलं, "दिवाळीचा मैदा उरला हुता का?"

भागूबाईनं सासूकडे बघितलं. मग अंथरुणावरच्या मुक्ताकडे बघितलं. "आत्याबाईंनी मागून नेला हुता," ती म्हणाली.

बन्सी घाईनं म्हणाला, "चुकून पडला आसंल. म्हातारं मानूस हाय."

"चुकून न्हाई," केशरबाई म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "मीच घातला. गावभर सांगत फिरतीया, गव्हानं पोर मरती. म्हनलं, हिचं खोटं उघडं पडू दे."

"पडलं का मंग?"

"पोर मुळातच रोगट."

चांगुणा उठली. मारते की काय, असं वाटून बन्सी मध्ये आला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं आणि सासूसमोर उभी राहिली.

"माज्या हातानं चारलंत तुमी तिला. ती न्हाई म्हनत हुती, पोट भरलं म्हनत हुती. मी भरवलं." तिचा आवाज चढला नव्हता. "आजपास्नं माज्या पोरीच्या ताटाला हात लावायचा न्हाई. लावलात तर मी वस्तीवर समद्यांना गोळा करून सांगीन, आनि ह्येंनी आडवलं तर ह्येंचं बी सांगीन."

"मंग जा की डोंगरात."

"जात न्हाई. हितंच ऱ्हाते."

तिनं शेळ्यांच्या छपराची एक बाजू झाडून घेतली. चारा नव्हता म्हणून शेळ्या आधीच विकल्या होत्या. तिथं माती कालवून चूल घातली, धुतलेलं जातं एकटीनं ढकलत आणलं. डब्यातलं पीठ उकिरड्यावर ओतलं. बन्सीनं दोनदा समजूत घातली, एकदा शिव्या दिल्या. ती दिवसा खडी फोडायची आणि परत येऊन आपल्या चुलीवर मुक्ताचं आणि आपलं रांधायची. केशरबाई ओसरीवरून ऐकू जाईल असं बोलायची; चांगुणा चुलीत लाकूड सारायची. एका घरात राहून त्या दोघी पुन्हा कधी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मुक्ताच्या गालांवर हळूहळू मांस चढलं, तरी केशरबाई म्हणत राहिली की दवाखान्यातल्या सुयांनी गुण आला.

बन्सी आईच्याच चुलीवर जेवत होता. संक्रांत झाल्यावर एका दुपारी तो छपरात येऊन मुक्ताशेजारी बसला. पोरीनं आपल्या ताटातला नानकटाईचा तुकडा त्याच्यापुढं केला. त्यानं तो खाल्ला. बाहेरून आईनं दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही.

चांगुणानं त्याच्यापुढं भाकरी आणि घेवड्याचं कालवण ठेवलं. तो काहीतरी बोलायला लागला.

"जेवा आदी," ती म्हणाली. "आनि उद्या येनार आसाल तर येताना सरपन आना. हितं फुकट बसून खायाचं न्हाई."