फुंकणी

सासूचं, गजराबाईंचं सुतक फिटलं आणि उमाबाईला आता स्वतःच्या घरात चहा टाकायचा होता. इतके दिवस भावकीनं भाकरी आणून दिली, ती तिनं खाल्ली. सासू गेली तरी तिच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. बायकांनी ते बघितलं होतं आणि गावभर सांगितलंही होतं. त्यांना तरी काय बोलायचं, उमाबाईलाच स्वतःचं नवल वाटत होतं. आत सगळं बधिर झालं होतं.

गोबरगॅस सोसायटीतून आलेला. बसवणाऱ्या माणसानं बजावलं होतं, आधी काडी पेटवायची, मग चावी सोडायची, काम झालं की चावी बंद. उमाबाईनं ते सासूकडून घोकवून घेतलं होतं. पण दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दावणीला एक म्हैस उरली, शेण कालवायला पाणी नाही. शेगडी जेमतेम जळायची. त्या दिवशी उमाबाई सडकेच्या कामावर खडी फोडत होती. धूळ येते म्हणून सासूनं दार लावून घेतलं आणि गॅस पेटवला. जाळ विझला, चावी उघडीच राहिली. शेणाचा वास तर घरात रोजचाच. म्हातारीनं पुन्हा काडी ओढली आणि भडका उडाला.

"एवढं सांगून बी आईनं घोळ केलाच," उमाबाईचा नवरा महारुद्र आल्यागेल्याला सांगायचा. उमाबाईलाही सासूचा रागच आला होता. दवाखान्यात म्हातारी एवढंच म्हणाली होती, "जाळ मंद झाला गं, म्हणून फुंकला." ते उमाबाईनं ऐकून सोडून दिलं होतं.

"च्या टाक की, मानसं बसल्यात," महारुद्र बाहेरून म्हणाला.

तिनं दार सताड उघडलं. आधी काडी पेटवली, मग चावी सोडली. निळा जाळ धरला, थरथरला आणि मंदावला. पातेल्याच्या बुडालाही पोचेना. उमाबाई खाली वाकली. हात आपसूक कोनाड्याकडं गेला, फुंकणी ओठाला लागली, गाल फुगले.

आणि ती तशीच थांबली. चुलीचा जाळ मंदावला की फुंकायचं, हे तिला परकरात असल्यापासून ठाऊक. गॅसचा जाळ फुंकू नका, विझतो, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही सासूला सांगितलं नव्हतं.

तिनं चावी बंद केली, फुंकणी मांडीवर घेऊन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. महारुद्र धावत आत आला.

"आत्याबाईचं काय बी चुकलं न्हाय वो," ती म्हणाली. "म्या बी आत्ता फुंकतच व्हते."