तोच झोका

लंबकराव जाऊन वर्ष होत आलं, तरी बाई रोज दुपारी प्रयोगशाळेत येऊन पडदे ओढायच्या. लंबकराव हे नाव विभागातल्या टवाळांनी ठेवलेलं. एका दांडीच्या टोकाला दुसरी दांडी लटकवून हा माणूस तासन्‌तास झोके देत बसायचा आणि बायको, म्हणजे याच बाई, कॅमेऱ्यामागे. "नवरा-बायकोने पाळणाघर काढलंय," असं लोक म्हणायचे. पुढे त्याच विषयाला 'केऑस' असं भारदस्त नाव मिळालं, परिषदा भरल्या आणि हसणारेच पहिल्या रांगेत बसू लागले. जगाची रीतच आहे ती.

विषय तसा सांगायला सोपा. झोक्याचे नियम पक्के. त्यात नशीब नाही की कुणाची लहर नाही. पण सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तर दोनचार हेलकाव्यांत राईचा पर्वत होतो. आणि फरक पडतोच, कारण माणसाचा हात दोनदा अगदी तसाच सुटत नाही. म्हणून एकदा गेलेला झोका पुन्हा येत नाही. "मेल्यावर आलो, तर तोच झोका देऊन दाखवीन. मग ओळख," लंबकराव हसून म्हणायचे.

त्यांच्या शेवटच्या झोक्याचा फोटो भिंतीवर होता. खालच्या दांडीच्या टोकाला इवलासा दिवा लावलेला असे. त्याने अंधारात काढलेली ती वेटोळी. डावीकडे दोन गिरक्या, माथ्यावर जरासं अडखळणं, मग उजवीकडे कोसळणं. त्या दिवशी दिवा फिरत असतानाच ते दारापाशी गेले, चौकटीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "तू आवर, मी खाली जाऊन येतो." पॅसेजच्या टोकाला त्यांनी लिफ्टचं दार उघडलं आणि पाय आत टाकला. लिफ्ट वर आलेलीच नव्हती.

आता इमारत रिकामी करायची होती. लेक आईला आपल्या घरी न्यायला आली होती. सामान खोक्यांत गेलं होतं, कॅमेरासुद्धा.

"आई, किती वाट बघशील? बाबा नाही येणार."

"एक झोका. मग निघू."

एकट्या पडल्यापासून बाई दांडी दोऱ्याने बांधायच्या आणि दोरा काडीने जाळायच्या, म्हणजे हाताचा धक्का लागत नाही. आज काडी ओढायच्या आधीच गाठ सुटली. लंबकरावांना ती जाळाजाळ आवडायची नाही; ते हातानेच सोडायचे.

दिवा डावीकडे गरकन फिरला. एक गिरकी. दुसरी. माथ्यावर अडखळला. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तो उजवीकडे कोसळला, तिथेच, तसाच. ती वेटोळी बाईंना पाठ होती.

"अहो," त्या पुटपुटल्या. आले होते. खरंच आले होते.

मागे चौकटीवर दोन टिचक्या वाजल्या.

"तू आवर," लेक म्हणाली, "मी खाली जाऊन येते."

बाई दाराकडे वळल्या. झोका तोच, तर पुढचंही सगळं तेच. नियम पक्के होते. जन्मभर त्यांनीच शिकवले होते. दिवा जुन्या रेषेवरून तसूभरही न ढळता चालला होता आणि चपलांचा आवाज लिफ्टकडे. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आणि खरं सांगायचं तर, क्षणभर त्यांना तो झोका मोडवेना. इतक्या दिवसांनी भेटलेला माणूस होता.

मग त्यांनी फिरत्या दांडीत हात घातला.

"आई गं!" बाई कळवळल्या.

चपला थबकल्या. लेक धावत आली, तिने पडदा सारला. "काय केलंस हे? रक्त येतंय!" बोलता बोलता तिने मागे वळून बघितलं. लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत नुसता अंधार होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी पाय टाकणारच होते," ती म्हणाली.

बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. ते वाचवायला आले होते की कुणाला न्यायला, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. दिवा आता भलतीकडेच भरकटत होता, भिंतीवरच्या वेटोळ्यांशी काडीचाही संबंध नसल्यासारखा. तो थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या.

"गेले," त्या म्हणाल्या आणि वर्षात पहिल्यांदा हंबरडा फोडून रडल्या.

मग दोघी जिन्याने उतरल्या.