पांढऱ्या मशीनवरची चिंधी

सुई टोचलीत आणि स्वतःची तोंडं शिवून घेतलीत. दवाखाने चालवत वर बसलेल्यांनो, हे तुम्हालाच म्हणतेय. तीन महिन्यांनी एकदा इंजेक्शन घ्यायचं, दिवस राहत नाहीत, एवढंच माझ्या थोरल्या जावेला सांगितलंत. पाळीचं काय होणार, ते गिळलंत.

आमच्या कारखान्यात दवाखान्यांचे पांढरे कोट शिवतात आणि गोदामवाल्यांचे काळे डगले. पांढऱ्यावर बसायला हात लागतो. जाऊबाईचा आहे तसा. तिला सगळे कॉलरवाली म्हणतात. तिनं मारलेल्या कॉलरची कुठली बाजू आधी शिवली, ते कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही. मी तिच्या मागच्या रांगेत काजं करते, म्हणून छातीठोक सांगते.

आमच्यात एक रीत आहे, बायकांनीच पाडलेली. पाळी आली की मशीनच्या चाकाला लाल चिंधी बांधायची आणि तेवढे दिवस काळ्या कापडावर बसायचं. चिंधीवाली मधेच उठली तर कुठे चाललीस असं कुणी विचारत नाही. पांढऱ्याला डाग पडला तर कोट वाया, म्हणून ही सोय. त्यात लाज नाही.

इंजेक्शन घेतलं आणि जाऊबाईची चिंधी सुटेचना. रोज थोडं थोडं, डागापुरतं. आज थांबलं म्हणावं तर उद्या परत. पांढऱ्याची राणी आठवडेच्या आठवडे काळ्यावर.

"काय गं कॉलरवाले, काळ्याशी लग्न लावलंस काय?" मुकादम म्हणाला. सगळ्या हसल्या, तीही हसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "धाकटे, आतून काही उसवलंय का गं माझं?"

पुढच्या इंजेक्शनानंतर मात्र सगळं बंद. ती पांढऱ्यावर परत आली, पण चिंधी काही दिसेना. एव्हाना मुकादम आमच्या चिंध्या वाचायला शिकला होता. तिच्या मशीनशी उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दिवस गेलेत तुला. पोटुशी बाई मी मशीनवर ठेवत नाही. सोमवारपासून खाली, दोरे कापायला."

किती वर्षं बटणं लावून तिनं ते मशीन मिळवलं होतं! आणि खरं काय ते तिलाच ठाऊक नव्हतं. इंजेक्शन फुकट गेलं, की रक्त आत साठतंय?

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. सिस्टरनं आधी तपासणी केली. दिवस गेलेले नव्हते. मग म्हणाली, "या इंजेक्शनानं असं होतं, बाई. सुरुवातीला कधीही डाग पडतात, पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबते. पिशवीच्या आतलं अस्तर पातळच राहतं, मग पडणार काय? साठत काही नाही. इंजेक्शन सोडलं की पाळी परत येते, थोडा उशीर लागतो. फार रक्त जायला लागलं तर मात्र लगेच यायचं."

"मग हे टोचायच्या आधी का नाही बोललात?" जाऊबाईनं विचारलं.

सिस्टरनं दाराकडे बघितलं. "वरून सांगितलंय. आधी सांगितलं तर बायका घाबरतात, परत येत नाहीत."

जाऊबाई उठली. दारापर्यंत गेली, वळली आणि बाही वर करून परत आली. "माझी तारीख जवळ आलीच आहे. चालत असेल तर आजच द्या. आता मला माहीत आहे मी काय घेतेय."

सोमवारी ती खाली गेली नाही. सरळ आपल्या मशीनवर बसली. मुकादम आला.

"तुला काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं. आता तुम्ही ऐका." मशीनं थांबली. "मी पोर न होण्याचं इंजेक्शन घेते. त्यानं पाळी थांबते. पोटात मूल नाही आणि अंगात आजारही नाही."

"तपासणीचा कागद आण."

"तपासणी मी माझ्यासाठी केली, तुम्हाला दाखवायला नाही. आणि चिंधी आमची आहे, मुकादम. आम्ही एकमेकींसाठी बांधतो. ती वाचायचा धंदा तुम्हाला कुणी दिला?"

मागून शेवटच्या रांगेतली म्हातारी ओरडली, "वाचायचंच असेल तर पेपर वाच की रे बाबा!"

असा हशा पिकला की मुकादमाचे कान तिथल्या कुठल्याही चिंधीपेक्षा लाल झाले. जाऊबाईनं मान खाली घातली आणि कॉलर मारायला घेतली. एका दमात, सरळ. मुकादम बघत राहिला आणि निघून गेला. मशीन तिचंच राहिलं. माझी जाऊ आहे ती! त्या दिवशी माझं एक काज वाकडं गेलं, तर जाऊ दे.

जेवणाच्या सुट्टीत बायकांनी तिला घेरलं. तिनं डागांपासून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. एक म्हणाली, "मला नाही बाई झेपणार." दुसरी म्हणाली, "मला चालेल, कटकट तरी जाईल." दोघींनीही ऐकून ठरवलं.

म्हणजे सांगितलं तरी बाई परत येते. माझी जाऊ तर दारातून परत आली. मग वर बसलेल्यांनो, खरं बोलायला तुमची जीभ का अडखळली? आम्ही घाबरू म्हणून, की आम्ही ठरवू म्हणून? मशीन थांबवून विचारतेय. उत्तर द्या.