कानबाईला सलामी

बोरवाड्याच्या तोताराम आबांचा अभिमन विमान चालवायला शिकला, तेव्हापासून आबांचे पाय जमिनीला लागेनासे झाले होते. पारोळ्याच्या बाजारात गेले की कापसाच्या भावाआधी पोराची गोष्ट निघायची. पोरगा सरकारच्या हवाई दलात, थेट सरहद्दीवर वझिरिस्तानात. त्यानं म्हणे पठाणांची सात गावं बेचिराख केली होती. हा सातचा आकडा आबांनी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवला होता.

बेचाळीस सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अभिमन रजेवर घरी आला आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानं बापाची सातही गावं पुन्हा उभी केली.

ओट्यावर अर्धं गाव जमलं होतं. लढाईची गोष्ट सांग म्हणून सगळे मागे लागले, आणि अभिमनच्या पोटात दोन वर्षं साचलेलं भडाभडा बाहेर आलं. तिथं बॉम्ब टाकायचा म्हणजे आधी पत्रकं टाकायची. अमुक तारखेला, अमुक वाजता तुमच्या गावावर बॉम्ब पडणार आहेत, तरी बायकापोरं, म्हातारेकोतारे, शेळ्यामेंढ्या घेऊन बाहेर पडावं, असं त्यांच्या भाषेत छापलेलं. वाचता येणारा गावात एखादा मुल्ला. तो वाचून दाखवायचा, लोक बाडबिस्तरा घेऊन समोरच्या डोंगरावर जाऊन बसायचे आणि तमाशाला आल्यासारखे विमानांची वाट बघायचे.

"म्हंजे पाव्हणा येवाना आगोदर निरोप धाडतस, तसं?" भिकन न्हाव्यानं विचारलं.

ओटा हसला. अभिमनचे कान लाल झाले. पण बांध फुटला होता, आता थांबतो कसला! हे सगळं करायला लावणारा कोण, तर पोलिटिकल साहेब. हा साहेब फौजेतला नव्हे. टोळीवाल्यांशी बोलणी करायला सरकारनं नेमलेला. विमान उडायच्या आधी याची चिठ्ठी लागायची. मशिदीला धक्का लागता कामा नये. पिराच्या दर्ग्याला नये. मलिकाच्या घराला नये, कारण मलिक म्हणजे टोळीचा म्होरक्या, सरकारचा मिंधा. ज्यांनी गेल्या वर्षी शरणचिठ्ठी दिली त्यांच्या भिंतींना नये. सगळं वगळून एकदा अभिमनच्या वाट्याला एक बुरूज उरला. तोही आधीच तडकलेला. बॉम्ब बुरुजाच्या डाव्या बाजूला पडला आणि एक गाढव मेलं. गाढवाची तीन आठवडे चौकशी चालली. विमान किती उंचीवर होतं, वारा कुठला होता, गाढव पत्रकात सांगितलेल्या हद्दीच्या आत होतं का बाहेर, याचे जबाब लिहून लिहून अभिमनची बोटं दुखली.

"हातपाय बांधीसन म्हनतस, कुस्ती खेय!" तो ओरडला. "एक डाव मोकयं सोडा म्हना आमले, मंग देखा!"

आबा ओट्याच्या कडेला बसून पानाचा देठ खुडत होते. गाढवाची गोष्ट उद्या पारोळ्यापर्यंत जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. उंबऱ्याआड उभी असलेली भिकुबाई, अभिमनची आई, तिला मात्र गाढवाचं काही नव्हतं.

"मंग लोके बठ्ठा निंघी जातस ना?" तिनं विचारलं.

"निंघी जातस ना. तेच तं सांगी ऱ्हायनू!"

"मंग चांगलं शे," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

"माय, लढाई शे ती, लगीन नही!"

ती भाकरी थापायला बसली. आता अशा आईच्या पोटी योद्धा कसा निपजावा, असं अभिमनच्या मनात आलं, आणि ते त्यानं खरोखर मनाला लावून घेतलं.

रजा संपली, तो गेला. पावसाळा आला, ऑगस्ट आला आणि देश पेटला. पुढारी तुरुंगात गेले, तारा तुटल्या, कुठे कुठे रूळ उखडले गेले. धुळ्याबाहेरच्या एका माळावर चार तंबू ठोकून दोन विमानं आणून ठेवली गेली, आणि या मुलखातला माणूस म्हणून अभिमनला तिथं धाडलं.

हुकूम ऐकायला तो तंबूत उभा राहिला तेव्हा सवयीनं वही-पेन्सिल घेऊन उभा राहिला. अटी लिहून घ्यायला. छावणीच्या साहेबानं नकाशावर रुळाच्या रेघेवरून बोट फिरवलं. रुळावर जमाव दिसला की मशीनगन चालवायची. एवढंच.

"पत्रकं, सर?"

"पत्रकं नाहीत."

"मुदत?"

"कसली मुदत?"

अभिमनला खरं वाटेना. "आणि पोलिटिकल साहेबांची चिठ्ठी?"

साहेब हसला. "इथे कुठला पोलिटिकल साहेब? सरहद्दीवरचे लोक परके, त्यांच्याशी आपले तह आहेत, करारमदार आहेत. ही तर आपलीच माणसं."

अभिमनला हे वाक्य फार आवडलं. संध्याकाळी जेवताना त्यानं ते दोनदा सांगितलं. शेवटी एकदाचा सरकारला शहाणपणा सुचला म्हणाला. त्याच्या विमानात मागं बंदूक धरून बसणारा पंजाबी हवालदार पोळी मोडता मोडता त्याच्याकडे नुसता बघत राहिला. अभिमनला वाटलं, याला मराठी मुलखातलं राजकारण काय कळणार!

पहिले चार दिवस ढगांत गेले. रुळावर दिसल्या त्या म्हशी. एकदा एक लाइनमन छत्री उघडून उभा होता, त्याच्यावरून अभिमन दोन चकरा मारून आला. तो बिचारा छत्री मिटून ओलाचिंब होत सलाम ठोकत राहिला. मोकळा सोडलेला बैल आणि कुरणात गवत नाही, अशी अभिमनची गत झाली होती.

सोमवारी, चोवीस ऑगस्टला, सकाळी ऊन पडलं. तंबूतल्या इंग्रजी कॅलेंडरावर सोमवार होता, चोवीस होती, पण श्रावण नव्हता. नागपंचमी झाल्यावरचा पहिला रविवार काल होऊन गेला, हे त्या कॅलेंडरानं सांगितलं नाही, आणि अभिमनलाही आठवलं नाही. एरवी खानदेशातल्या पोराला एक वेळ स्वतःचं लग्न विसरता येईल, पण हा रविवार विसरता येत नाही. या दिवशी घरोघरी भाऊबंद जमतात, कानबाई बसते. नारळाला देवीचा मुखवटा, अंगावर दागिने, भोवती केळीचे खांब, रात्रभर गाणी. आणि सोमवारी सकाळी तिला चौरंगासकट डोक्यावर घेऊन सगळा गाव नाचत, फुगड्या घालत नदीला निघतो. बोरवाड्याचं गाव रुळाच्या अलीकडे आणि बोरी नदी पलीकडे. म्हणजे कानबाईला दरवर्षी आगगाडीचा रूळ ओलांडूनच माहेरी जावं लागायचं.

वरून अभिमनला दिसलं ते असं. रुळावर तीनशे माणसं. हलेनात. मध्ये लांब लांब सोटे उभे, दोन आडवे रुळावर टाकलेले. एक लाल कापडाखाली झाकलेलं काहीतरी जड, ते धरून लोकांचं कोंडाळं.

"बहुत भीड़ है, साब," मागून हवालदार म्हणाला. "औरतें भी हैं."

"ओंडके टाकलेत रुळावर!" अभिमन ओरडला. त्याच्या छातीत ढोल वाजायला लागले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा समोर माणसं होती, खालून कुणी डोंगरावर निघून गेलेलं नव्हतं, आणि वर कुणाला विचारायचं नव्हतं. त्यानं विमानाचं नाक खाली घातलं. बोरीचं वळण डोळ्यांसमोरून गेलं, ओळखीचं वाटलं, पण आता वळणं बघायला वेळ कुणाला होता! अंगठा बटणावर गेला.

एक गोष्ट मात्र चुकली. सरहद्दीवर विमान खाली आलं की माणसं पळतात. ही पळेनात. सगळी वर बघत होती, आणि एकेक करत सगळ्यांनी हात जोडले.

अंगठा दाबला गेला, आणि त्याच क्षणी त्याला लाल कापडाखालचा चौरंग दिसला, केळीचे खांब दिसले, चौरंग डोक्यावर घेतलेली बाई दिसली. ती हात जोडत नव्हती. तिचे दोन्ही हात चौरंगाला होते. अभिमननं जिवाच्या आकांतानं विमान ओढलं. गोळ्या रुळाच्या बाजूच्या ज्वारीतून धडधडत गेल्या, एक बुजगावणं कंबरेत तुटून पडलं, आणि विमान नदीवरून वर गेलं. मागे हवालदार मोठमोठ्यानं त्याच्या देवाचं नाव घेत होता.  उतरल्यावर अभिमन विमानाच्या चाकाआड जाऊन ओकला.

साहेबानं विचारलं, गोळ्या किती, परिणाम काय?

"साठ, सर. परिणाम... पिकाचं नुकसान."

"जमाव पांगला?"

"नाही, सर. धार्मिक मिरवणूक होती. नदीवर गेली."

"अस्सं," साहेब म्हणाला आणि सही केली. "पुढच्या वेळी नाक जरा उशिरा उचला."

अभिमन उभाच राहिला. पुढचा प्रश्न येईल म्हणून. उंची काय होती, वारा कुठला होता, त्या लोकांना सूचना मिळाली होती का? साहेबानं मान वर करून विचारलं, "आणखी काही?" आणखी काही नव्हतं. एका गाढवापायी तीन आठवडे राबलेलं सरकार तीनशे माणसांचा मामला एका सहीत मिटवून मोकळं झालं होतं. अभिमनला त्या घडीला पोलिटिकल साहेबाची आठवण झाली, आणि कुणी थोरला भाऊ गेल्यासारखं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा मागितली आणि रसदीच्या मोटारीनं पारोळ्यापर्यंत, तिथून बैलगाडीनं घर गाठलं. रस्ताभर तो एकच गोष्ट घोकत होता: आई नीट आहे ना.

वेशीतच भिकन न्हाव्यानं त्याला मिठी मारली. "अभिमन भाऊ! बठ्ठा खानदेशमा आसं व्हयनं नही! सरकारनी सलामी दिधी आमनी कानबाईले!"

ओट्यावर तोताराम आबा गावातल्या चार मातब्बरांना घेऊन बसले होते. समोर ताटात कुंकू लावलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. विमानातून शेतात पडलेल्या. आबांच्या पोटात आनंद मावत नव्हता. अमळनेरच्या कानबाईला सलामी नाही, धुळ्याच्या नाही. बोरवाड्याच्या कानबाईला विमान खाली वाकलं, नमस्कार केला आणि तोफा डागून गेलं. गाढवाचं उट्टं निघालं होतं.

"तूच व्हता ना रे त्या इमानमा?" आबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"हा, आबा. मीच व्हतू."

सगळ्यांनी मान डोलावली. आपलंच पोर, देवीला विसरलं नाही, असं कुणी तरी म्हणालं. अभिमनला बोलता आलं असतं. चूक दुरुस्त करायला एक वाक्य पुरे होतं. पण बापाचा चेहरा असा फुलला होता, आणि समोरची माणसं इतक्या मायेनं बघत होती, की त्यानं मान खाली घातली आणि सलामी पदरात पाडून घेतली. लढाईत पहिल्यांदाच नाव झालं होतं, सोडवेना. हे त्याचं त्यालाच कळत होतं, आणि लाजही वाटत होती.

आत भिकुबाईनं पाट मांडला. तिच्या डोक्याला, चौरंगाची कड रुतली होती तिथं, हळद लावलेली होती. तिनं ताट वाढलं आणि टोपलीतून रोट काढला. कानबाईच्या नावानं दळून केलेला हा गव्हाचा रोट भाऊबंदांतच खातात. पौर्णिमेच्या आत संपवायचा आणि बाहेरच्या माणसाला तुकडासुद्धा द्यायचा नाही, मग तो कितीही जिवलग असो. घरातल्या प्रत्येकाचा वाटा ठेवलेला असतो. अभिमनचाही ठेवला होता.

"तुले लागनं तं नही ना, माय?" त्यानं विचारलं.

"माले काय व्हनार! सलामी व्हती ना." रोट ताटात ठेवून ती समोर बसली. बाहेर ओट्यावर हशा पिकला होता. तो ओसरेपर्यंत ती थांबली. "सलामी वर आभायमा सुटस, भाऊ. ज्वारी तं कंबरपाइन तुटनी."

अभिमनचा हात रोटावरच थांबला. आता मात्र त्याला खोटं बोलवेना.

"माय, मी तुले देखं," तो म्हणाला. "तुले देखं, आपली कानबाई देखी, म्हनीसन तं इमान वर उचलं. देवीनी आन. आपला मानसेसवर मी कसा..."

"आनी आपली नसती तर?"

"आं?"

"दुसरा गावनी ऱ्हाती. डोकावर चौरंग लिसन मी नसती, दुसरानी माय ऱ्हाती. तर?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ती वाट बघत राहिली. अभिमननं तोंड उघडलं. तो हुकूम सांगणार होता, रुळावर पडलेले ओंडके सांगणार होता, साहेब सांगणार होता. शेवटी त्यानं काहीच सांगितलं नाही, आणि आईला उत्तर मिळालं.

तिनं ताटातला रोट उचलला, टोपलीत परत ठेवला आणि फडकं झाकलं. मग चुलीवरून गरम भाकरी आणून त्याच्या ताटात वाढली, वर तूप घातलं, कांदा फोडून दिला. दूरच्या पाहुण्याला वाढावं तसं सगळं नीटनेटकं वाढलं.

"जेव," ती म्हणाली.