मोरी गप्प झाली तो दिवस

मी एक जुनी मोरी आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका. न्हाणीघरातली नव्हे, रस्त्याखालची. डोंगरातल्या एका वळणाखाली मी आडवी पडलेली आहे. सिमेंटचा गोल नळ, शेळी आरामात आरपार जाईल इतका रुंद. वरच्या जंगलातला ओढा माझ्या पोटातून खाली उतरतो. खालच्या अंगाला नऊ घरांची आळी आहे.

साच्यातून निघाले तेव्हा माझ्या बारा बहिणी शेजारी उन्हात वाळत होत्या. प्रत्येकीला मोठ्या शहरात जायचं होतं. मला हे वळण मिळालं, आणि मुकादम काका मिळाले.

रस्त्याची देखभाल हे त्यांचं काम. रोज सकाळी ते माझ्या वरच्या तोंडाशी ओणवे होऊन हाक मारत, "आहेस का गं?" दवाखान्यात कामाला निघालेली त्यांची लेक खालच्या तोंडाशी थांबलेली असे. आवाज खणखणीत पोचला की ती ओरडे, "आहे हो बाबा!" दबका आला, तर आत काहीतरी अडकलंय असं समजायचं. मग काका लांब आकडा घालून पालापाचोळा ओढून काढत.

लोक चिडवत, "काय मुकादम, मोरी काय म्हणतेय?"

"म्हणतेय, तुमच्यापेक्षा मला बरं ऐकू येतं."

काकांची थोरली बहीण, शिवणकाम करणारी आक्का, आळीतल्या पहिल्याच घरात राहायची. "तीस पावसाळे झाले, माझ्या उंबऱ्याला थेंब लागू दिला नाही हिनं," असं ती सगळ्यांना सांगे. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलेच होते.

एका उन्हाळ्यात वरचं जंगल तीन दिवस जळत राहिलं. घरं वाचली, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी मात्र जळक्या उतारावर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. तेलकट ताटावरून ओघळावं तसं ते घरंगळत गेलं.

"ही माती आता पाणी पीत नाही," त्यांनी घरोघर सांगितलं. "थोडा पाऊस झाला तरी राख, दगड, ओंडके, सगळं खाली येईल. ढग दाटले की वरच्या शाळेत जायचं."

आठ घरांनी मानलं. आक्का म्हणाली, "मोरी आहे की! तू आपला उगाच घाबरवतोस."

ते कौतुक पहिल्यांदाच मला नकोसं झालं. ओरडून सांगावंसं वाटलं, आक्का, मी पाण्यासाठी आहे गं, डोंगरासाठी नाही.

एका दुपारी ढग दाटले. आठ घरं वर गेली. आक्का मशीनवर बसून होती. पाऊस जेमतेम वीस मिनिटं पडला असेल. काकांनी वाकून हाक मारली. खाली लेकीपर्यंत ती पोचलीच नाही, नुसतं पाण्याचं घों घों ऐकू आलं. ती आक्काच्या दारात धावली.

"आत्या, ऊठ! मोरी गप्प झालीय."

"अगं, ही बाही तेवढी..."

"बाही गेली खड्ड्यात! ऊठ!"

आक्का उठली, पण मशीन सोडेना. शेवटी लेकीनं ते खांद्यावर घेतलं, काकांनी बहिणीचा हात धरला. चढणीवर आक्का दोघांना दटावत होती, "हळू! सुई वाकेल!"

ती शाळेच्या पायरीवर पोचते तोच डोंगर आला. काळा, घट्ट, ओंडक्यांसकट. माझ्या तोंडाला बूच बसलं. गाळ रस्ता ओलांडून आक्काच्या घरात खिडकीपर्यंत भरला. माणसं मात्र सगळी वर होती.

मला उकरून काढायला सहा दिवस लागले. पहिलं फावडं आक्काचं होतं. "रुसू नकोस गं," ती म्हणाली, "चूक माझी होती."

आता माझ्या शेजारी रुंद पूल झालाय. मुकादम काका गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांचा आकडा लेक चालवते. कामावर जाण्याआधी पाला काढते.

डोंगरावर कंबरेएवढी झाडं आलीत. ढग दिसले की आक्का सगळ्यांच्या आधी चढण चढते. कधी पाऊस पडतच नाही.

मित्रांनो, आमच्यात कचरा टाकू नका. पण वरचं जंगल जळलेलं असेल, तर आमच्या भरवशावर बसूही नका. निघा म्हटलं की निघा. परत आल्यावर घर कोरडंच सापडलं, तर "उगाच दमलो" म्हणून खुशाल कुरकुर करा. ती कुरकुर ऐकायला मला फार आवडते.